आंबा घाट आणि गिअरबॉक्सचा ताप

संगमेश्वर म्हटले की महाराष्ट्राला एकच तारीख आठवते: १ फेब्रुवारी १६८९. त्या दिवशी मुकर्रबखानाच्या फौजेने छत्रपती संभाजी महाराजांना इथे पकडले. फितुरी कोणी केली, यावर आजही भांडणे होतात. त्या भांडणात एक साधी गोष्ट मागे पडते. खानाची फौज कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून आली होती, आणि ती इतक्या लवकर येईल असे इथे कोणाला वाटले नव्हते. घाट हाच पहारा आहे, असे धरून चालण्याची सवय होती. माणूस आणि जनावर त्या वाटेवर दमणार, थांबणार, वेळ लागणार, हा हिशेब पिढ्यान् पिढ्यांचा होता.

मला आज लिहायचे आहे ते या दमण्याबद्दल. घाट चढताना जो भार ओढतो तो तापतो, मग तो बैल असो, एसटी असो, नाहीतर नवी ऑटोमॅटिक फोर बाय फोर गाडी असो. फरक एवढाच की बैल तापलेला दिसतो. एसटी तापलेली दिसायची आणि ऐकूही यायची. नव्या गाडीचा गिअरबॉक्स तापतो तेव्हा काहीच दिसत नाही. हे असे कसे झाले, याचा इतिहास आपल्या तालुक्याच्या वाटांवरूनच नीट सांगता येतो.

तालुक्याचा नकाशा आधी डोळ्यांसमोर आणू. पश्चिमेला शास्त्री नदी जयगडच्या खाडीकडे जाते, पूर्वेला सह्याद्रीची सरळ भिंत. साखरपा आपल्याच तालुक्यात, आंबा घाटाच्या पायथ्याला. वर आंबा गाव, पण ते शाहूवाडी तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. कसबा जवळपास समुद्राच्या पातळीवर आणि घाटमाथा सुमारे सहाशे मीटरवर. एके काळी गलबते शास्त्रीतून पार वरपर्यंत येत. नंतर गाळ भरत गेला आणि गलबतांचा मुक्काम खाली खाली सरकला. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जाई. धान्य, गूळ, तंबाखू खाली येई. मधला सगळा भार बैलांच्या पाठीवर. गाडीरस्ते झाले ते पुढे, इंग्रजांच्या काळात. त्याआधी तांडेच चालत.

तांड्याबरोबर चालणाऱ्याला बैलाचा ताप मोजायला काही लागत नसे. जीभ बाहेर आली, तोंडाला फेस आला, बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या की थांबायचे. उन्हाळ्यात दिवसा चालायचेच नाही, रात्री चांदण्यात चढ काढायचा. पायथ्याला मुक्काम, माथ्याला मुक्काम. घाटाच्या दोन्ही टोकांना बाजार वाढतात त्यामागे व्यापारी आहेत तसा बैलाचा दमही आहे, असे माझे मत आहे.

मोटार आली तीही हीच भाषा बोलत आली. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस नावाच्या माणसाने रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा थर्मामीटर काढला. गाडीच्या नाकावर उभा असलेला तो गोल डबा ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दिसे, आणि पारा चढला की तो थांबे. जुन्या मोटारींच्या छायाचित्रांत बोनेटच्या टोकावर जे काही चमकते ते पुष्कळदा शोभेचे नसून हे यंत्र असते. पुढे तो काटा गाडीच्या आत, डॅशबोर्डवर आला.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर पाच चकत्या होत्या: वेग, पेट्रोल, विजेचा प्रवाह, इंजिन ऑइलचा दाब आणि पाण्याचे तापमान. लष्कराला माहीत होते की गाडी चालवणारा पोरगा शेतातून उठून आलेला असेल, पण त्याला पाच काटे दाखवले तर तो शिकेल. हीच जीप युद्धानंतर आपल्याकडे आली. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून एक कंपनी काढली, तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. आमच्याकडच्या तरुणांना मी हे सांगतो तेव्हा निम्मे जण मोबाइल काढून खात्री करून घेतात.

त्या जीपला साधा हाताचा गिअर होता, खालचा चढावाचा वेगळा लिव्हर होता, आणि पायाखाली क्लच. चिखलात अडकली आणि ड्रायव्हरने क्लच अर्धा दाबून रेटली, की दोन मिनिटांत जळका वास येई. त्या वासाला कोणी सेन्सर म्हणत नाही, पण तो होताच. नाक असलेल्या कोणालाही तो समजे. मागे बसलेली म्हातारीसुद्धा सांगे, अरे काहीतरी जळतंय.

एसटीचे तर विचारू नका. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, कोकणातल्या घाटांत ती यायला थोडा वेळ लागला, आणि आली ती रेडिएटर उकळतच. माझ्या लहानपणी घाटात गाडी बाजूला लागणे ही रोजची बाब होती. ड्रायव्हर ओले पोते झाकणावर टाकून ते हळूहळू सैल करी, वाफेचा लोट उठे, कंडक्टर झऱ्यावरून डबा भरून आणी. उतारू खाली उतरून लिमलेटच्या गोळ्या खात. गाडी तापली आहे हे पन्नास माणसांना एकदम कळे. ड्रायव्हर मंडळींचा एक नियम तेव्हाचा: ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. तो नियम आजही तितकाच खरा आहे.

आता ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे येऊ. त्यासाठी आधी समुद्रावर जावे लागते, कारण त्यातला मुख्य भाग जहाजासाठी जन्मला. १९०५ साली जर्मनीच्या श्टेटीन बंदरातल्या (आजचे पोलंडमधले श्टेचिन) व्हल्कन गोदीत काम करणाऱ्या हेर्मान फ्योटिंगर या इंजिनिअरने एक पेटंट घेतले. वाफेचे टर्बाइन फार जोरात फिरते आणि जहाजाचा पंखा हळू फिरायला हवा. या दोघांना दात्यांनी न जोडता मध्ये द्रव ठेवून जोडायचे, अशी त्याची कल्पना. यातूनच टॉर्क कन्व्हर्टर आला.

ते समजायला सोपे आहे. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा, मध्ये तेलाची दिशा वळवणारे तिसरे पाते बसवा. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा चाकांकडे जाणारा. इंजिन फिरत असताना चाके थांबली तरी काही तुटत नाही, फक्त तेल घुसळले जाते. म्हणूनच ऑटोमॅटिक गाडीला क्लचचे पेडल नसते.

कोकणी मुसलमानांना जहाजे नवी नव्हती. रत्नागिरीकडचे खलाशी आणि सारंग पिढ्यान् पिढ्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर गेले, पण बहुतेक डेकवर. इंजिनघरात पंजाबी, पठाण, सिल्हेटी असत. तिथल्या कामगारांची नावे अजून जुन्या लोकांच्या तोंडी आहेत: कोळसा वाहणारा कोयलावाला, भट्टी धरणारा आगवाला आणि तेल देणारा तेलवाला. तेलवाल्याचे काम केवळ तेल ओतण्याचे नव्हते. वर-खाली धावणाऱ्या दांड्यांच्या बेअरिंगवर, त्यांच्या तालात हात नेऊन, तो त्यांचा ताप चाचपून बघे. तळव्याला सोसत नाही इतके गरम लागले की वर सांगायचे. हात चुकला तर बोटे जात. मला हा माणूस या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्राच्या पोटात तेल किती तापले आहे हे जाणून घेणे हे एका पगारी माणसाचे काम होते, आणि जहाजावर त्याला जागा ठरलेली होती.

मोटारीत टॉर्क कन्व्हर्टरचा भाऊबंद आला १९४० च्या मॉडेलमध्ये. जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स दिला. युद्ध सुरू झाल्यावर तोच गिअरबॉक्स एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात गेला, म्हणजे ऑटोमॅटिक गिअर चिखलात उतरला तो सैन्याबरोबर. साध्या गिऱ्हाइकाला फोर बाय फोर आणि ऑटोमॅटिक हे दोन्ही एकत्र मिळाले ते १९६३ च्या जीप वॅगोनिअरमध्ये. आपल्याकडे मात्र जीप म्हणजे हाताचा गिअर हेच समीकरण फार वर्षे टिकले. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली तेव्हा तिच्यात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळू लागला, आणि मग आपल्या चिरेखाणींच्या रस्त्यांवर, शृंगारपूर-मारळच्या वाटांवर ऑटोमॅटिक फोर बाय फोर दिसू लागल्या.

पण आमच्या लोकांना ऑटोमॅटिक त्याच्या कितीतरी आधी माहीत होता. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत पैसा आला आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुसलमान मोहल्ल्यांतून घरटी एकदोन माणसे तिकडे गेली. त्यांत ड्रायव्हर पुष्कळ. माझे एक चाचा वाळवंटात सर्व्हेच्या पार्टीबरोबर लँड क्रूझर चालवत. सुट्टीवर येत तेव्हा आम्हा मुलांना वाळूच्या गोष्टी सांगत, आणि त्यांत एक पिवळा दिवा हटकून येई. त्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा दिवा असे. वाळूत गाडी रुतत रुतत चालते, इंजिन पूर्ण ताकदीने ओढते आणि चाके हळू फिरतात. तेल घुसळून उकळू लागते आणि तो दिवा लागतो. मग थांबायचे. पण इंजिन बंद करायचे नाही, हे चाचा बोट वर करून सांगत. गिअर पार्कमध्ये टाकून इंजिन तसेच चालू ठेवायचे, कारण तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद केले तर तापलेले तेल आहे तिथेच बसते. आम्हाला तेव्हा यातले काही कळत नव्हते. आम्हाला उंट दिसला का ते हवे होते.

चाचांच्या मते तो दिवा चांगला होता, पण उशिरा लागायचा. त्यांनी स्वतःची खूण ठरवली होती: गाडी ओढायची थांबून नुसती गुरगुरायला लागली, इंजिनचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, की दिव्याची वाट बघायची नाही. टायरमधली हवा कमी करायची, लो रेंज टाकायची, आणि तोंड वाऱ्याकडे करून थांबायचे.

तो दिवा उशिरा का लागतो हे समजायला थोडा हिशेब करू. समजा इंजिन पन्नास किलोवॉट ताकद देत आहे आणि सावकाश चढताना टॉर्क कन्व्हर्टर त्यातली साठ टक्केच पुढे पोचवतो. उरलेले वीस किलोवॉट गेले कुठे? तेलात. घरातला मोठा गिझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे दहा गिझर एकाच वेळी सात-आठ लिटर तेल तापवत आहेत. फक्त तेलच तापते आणि थंड करणारे काही नाही असे धरले, तर ते तेल दर सेकंदाला एक अंशाहून अधिक तापेल. सगळा भरवसा मग समोरच्या जाळीवर, म्हणजे ऑइल कूलरवर. त्या जाळीत लाल माती आणि गवत भरले की दहा गिझर जिंकतात.

या तेलाला ८० ते ९५ अंश सेल्सिअस बरे वाटते. ११० च्या पुढे लक्ष ठेवावे, १२० च्या पुढे थांबावे, ही ढोबळ मर्यादा. गाडीगाडीप्रमाणे ती थोडी बदलते. फार तापलेले तेल काळे पडते, त्यातून चिकट थर बसतो, रबराचे सील कडक होतात, आत तेलातच बुडालेल्या क्लचच्या पट्ट्या घसरू लागतात आणि घसरल्या की आणखी ताप. जुना हिशेब असा की मर्यादेपलीकडे दर दहाएक अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे एका दुपारी शेतातल्या चढावर केलेली अर्ध्या तासाची मारामारी महामार्गावरच्या हजारो किलोमीटरांइतके तेल खाऊ शकते, आणि गाडी त्या संध्याकाळी व्यवस्थित घरी येते. नुकसान कळते ते सहा महिन्यांनी.

एक गैरसमज आपल्याकडे पक्का आहे. कोकणात पाऊस असतो, हवा गार, मग गाडी कशाला तापेल? चाचांचे वाळवंट पंचेचाळीस अंशांचे आणि आपला श्रावण पंचवीस-सत्तावीसचा, हे खरे. पण ताप बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर यायचा असतो. बाहेर यायला हवा वाहावी लागते, आणि ताशी पाच किलोमीटरने चिखलात चाके फिरवणाऱ्या गाडीपुढे वारा कसला?

आता डॅशबोर्डकडे परत. १९३० च्या दशकात हडसन कंपनीच्या गाड्यांत काट्यांच्या जागी दिवे येऊ लागले, मग ती पद्धत सगळीकडे पसरली. अमेरिकन लोक त्यांना चक्क मूर्खांचे दिवे म्हणत. दिवा स्वस्त पडतो आणि गिऱ्हाइकाला घाबरवत नाही. काटे राहिले तिथेही ते गुळगुळीत केले गेले: आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिनच्या पाण्याचा काटा ऐंशीपासून शंभराच्या वरपर्यंत मधोमधच चिकटून बसतो, मुद्दामच, कारण हलणारा काटा बघून लोक वर्कशॉपमध्ये येतात. शिवाय तो काटा पाण्याचा. गिअरबॉक्सचे तेल १२५ वर असताना पाण्याचा काटा निवांत मधोमध असू शकतो. पूर्वी गिअरबॉक्सला निदान डिपस्टिक असे. ती ओढून तेलाचा रंग बघता येई, वास घेता येई. जळलेल्या ऑटोमॅटिक तेलाचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. पुष्कळ नव्या गाड्यांत डिपस्टिकच काढून टाकली आहे, आणि पुस्तिकेत लिहिलेले असते की हे तेल आयुष्यभर बदलायचे नाही. कोणाच्या आयुष्यभर, ते लिहिलेले नसते.

जळक्या क्लचचा वास, रेडिएटरची वाफ, डिपस्टिकवरचा काळा थेंब, सगळे गेले. ड्रायव्हरचे कष्ट कमी झाले, हे मान्य आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घाटात ऑटोमॅटिक म्हणजे वरदान. पण कष्टाबरोबर खबरही गेली. तेलवाल्याची जागा रिकामी झाली आणि तिथे कोणाला नेमलेच नाही.

नेमले नाही हेही पूर्ण खरे नाही. सेन्सर आत असतो. गिअरबॉक्सच्या संगणकाला तेलाचे तापमान लागतेच, त्यावरून तो गिअर कधी बदलायचे ते ठरवतो आणि फार तापले तर ताकद कमी करतो. माहिती गाडीत आहे, ती फक्त माणसाला सांगितली जात नाही. आणि इथे कायद्याचा एक गमतीदार भाग आहे. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक गाडीला ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक सॉकेट सक्तीचे झाले, आपल्याकडे ते भारत स्टेज चारच्या काळात आले. त्याला ओबीडी म्हणतात. पण ते कशासाठी? धूर तपासण्यासाठी. म्हणून इंजिनच्या पाण्याचे तापमान सर्व कंपन्यांनी एकाच सांकेतिक क्रमांकावर द्यायचे असे ठरले. गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल तेव्हा अशी सक्ती झाली नाही, कारण त्याचा धुराशी थेट संबंध नाही. ते प्रत्येक कंपनी आपापल्या क्रमांकावर ठेवते. सरकारने धूर विचारला, धूर मिळाला. तेल कोणी विचारलेच नाही.

तरीही त्या सॉकेटने वाट उघडली. थोड्या पैशांत मिळणारा ब्लूटूथचा तुकडा तिथे लावला, फोनवर एक ॲप घेतले आणि त्यात आपल्या गाडीच्या मॉडेलची माहिती भरली, की तेलाचे तापमान आकड्यात दिसते. माझ्या चुलत भावाने ते केले, पण एक गिअरबॉक्स गमावल्यावर. त्याने जुनी ऑटोमॅटिक फोर बाय फोर घेतली होती, कोणाची ते सांगत नाही. पावसाळ्यात शृंगारपूरच्या बाजूला त्याने एका चिखलात रुतलेल्या पिकअपला ओढून काढले. पुढे-मागे, पुढे-मागे, वीसेक मिनिटे, हाय रेंजमध्ये. गाडी त्यानंतरही चालली. हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्यांना कोल्हापूरच्या दवाखान्यात नेताना आंबा घाटाच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर तिने पुढचा गिअर घेणे बंद केले. डॅशबोर्डवर पाण्याचा काटा मधोमध होता. मागून येणाऱ्या एका जीपवाल्याने पेशंटला वर नेले, म्हणून निभावले. गॅरेजवाल्याने तेल काढले ते कॉफीच्या रंगाचे.

आपल्या जिल्ह्यातून मोठ्या आजारासाठी माणसे कोल्हापूरला, कराडला जातात, आणि जातात ती घाटानेच. २०२१ च्या जुलैत दरडी कोसळून आंबा घाट बंद पडला तेव्हा हे सगळ्यांना कळले. पण घाट उघडा असतानाही तो पार करणारी गाडी धड असावी लागते. गाडी विकणारा तुम्हाला पाणी किती खोल चालते ते सांगतो, चढ किती अंशांचा चालतो ते सांगतो. तेलाला कूलर किती मोठा आहे हे विचारले की तो ब्रोशर चाळू लागतो.

भावाने आता जी पद्धत ठेवली आहे ती चाचांच्या वाळवंटातलीच, फक्त दिव्याच्या जागी आकडा. डांबर सोडले की लगेच लो रेंज, वाट अवघड होण्याची वाट न बघता. लो रेंजमध्ये ताकद गिअरबॉक्सच्या पुढे वाढते, म्हणून टॉर्क कन्व्हर्टरला कमी घुसळावे लागते. घाटात ट्रकच्या मागे सापडला तर गिअर हाताने धरून ठेवायचा, गाडीला वर-खाली करू द्यायचे नाही. आकडा ११० झाला की जागा बघायची, ११५ ला थांबायचे, इंजिन चालू ठेवून. चिखलातून आल्यावर कूलरची जाळी पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे धुवायची; जोराच्या पंपाने धुतली तर पात्या वाकतात. तेल चाळीस हजारांना बदलायचे, पुस्तिका काहीही म्हणो. आणि सेन्सर कुठे आहे ते मेस्त्रीकडून माहीत करून घ्यायचे, कारण काही गाड्यांत तो खालच्या टाकीत असतो आणि काहींत टॉर्क कन्व्हर्टरच्या तोंडाशी. दुसऱ्या जागेचा आकडा कितीतरी जास्त येतो आणि माणूस उगाच घाबरतो.

मागच्या पावसात मी त्याच्याबरोबर आंबा घाट चढलो. साखरप्याला आकडा ८६ होता. वर रुंदीकरणाच्या कामामुळे गाड्या खोळंबल्या होत्या, एक भरलेला ट्रक आमच्या पुढे इंच इंच सरकत होता, आणि आकडा ९८, १०१, १०४ असा वर जात होता. मागच्या सीटवर चाचा होते, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांना आकडा दिसत नव्हता, चष्मा घरी राहिला होता. १०७ ला ते म्हणाले, बेटा, गुरगुरते आहे, बाजूला घे. भावाने बाजूला घेतली, गिअर पार्कमध्ये टाकला, इंजिन चालू ठेवले. बारा मिनिटांत ९१ झाले आणि आम्ही निघालो.